पैलकाठचा पितर

चैत्र अर्धा झाला आणि निंबखेडच्या राहीबाईंनी गोवऱ्या थापायची जागा बदलली. आजवर त्या गोठ्यामागच्या भिंतीला थापत. आता शेणाचं टोपलं डोक्यावर घेऊन त्या थेट पैनगंगेच्या घाटावर गेल्या आणि पाडव्याला सरकारने बांधलेल्या पांढऱ्याशुभ्र चबुतऱ्यावर एकामागून एक गोवरी थापत सुटल्या. चबुतरा त्यांच्याच मेलेल्या मुलाच्या नावाचा होता.

दुपारपर्यंत गावभर झालं. नरसिंगच्या आईला वेड लागलं, असं निम्मं गाव म्हणालं. उरलेलं निम्मं म्हणालं, वेड कसलं, ती आधीपासूनच तशी आहे. शेवटी पोलीस पाटील पायात जोडे अडकवून घाटावर आले.

"राहीबाई, हे काय करून राह्यल्या तुमी?"

"दिसत नाई का? गौऱ्या."

"अवो, सरकारचा चबुतरा होय तो. शहिदाची जागा."

"शहीद तुमचा. पोरगं माह्यं." राहीबाईंनी हात न थांबवता पुढचा गोळा उचलला. "याच हातानं त्याचं ढुंगण धुतलं, पाटील. माह्या शेणाचा त्याले विटाळ नाई होत."

पाटलांनी डोकं खाजवलं. "तहसीलले कळलं तं माही पाटीलकी जाईन ना बाई."

"गेली तं इकडं या. अर्धं टोपलं तुमी थापा."

पाटील परत फिरले. राहीबाईंनी उरलेलं शेण संपवलं, नदीत हात धुतले आणि पैलकाठाकडे कपाळावर हात धरून बराच वेळ बघत राहिल्या. पलीकडे पारडीचा घाट होता. तिथे बायका पाणी भरत होत्या, पण एवढ्या लांबून कोण कोण ते कळत नव्हतं.

राहीबाईंना वेड लागलेलं नव्हतं. त्यांना लेक घरी आणायची होती.

*

राहीबाई मूळच्या तामसीकडच्या. लग्न होऊन निंबखेडला आल्या तेव्हा त्यांना साडी सावरता येत नव्हती. सासू कडक होती, नवरा गरीब स्वभावाचा होता आणि जमीन काळी होती. त्या तिन्हींबरोबर त्यांनी जमवून घेतलं. पाळणे पुष्कळ हलले, पण वाचली दोनच लेकरं, वनमाला आणि नरसिंग. वनमाला पैलकाठी पारडीला दिली, चंपतरावांच्या थोरल्या मुलाला, उत्तमरावाला.

तेव्हा पैलकाठ म्हणजे परमुलूख, असं कुणाच्या मनातही येत नसे. अलीकडे निजामाची मोगलाई, पलीकडे इंग्रजांचं वऱ्हाड, एवढं ठाऊक होतं. पण निंबखेडच्या निम्म्या सुना पारडीच्या आणि पारडीच्या निम्म्या सुना निंबखेडच्या. कुणाच्या घरी विरजण संपलं तर बाई वाटी घेऊन नदी उतरायची आणि विरजण घेऊन ओल्या पावलांनी परत यायची. म्हाताऱ्या म्हणत, आमच्या ताकाला कोणत्या काठची चव आहे ते सांगून दाखवा.

मध्ये फक्त करोडगिरीचा नाका होता. मीठ, गूळ, कापड, पलीकडून जे येईल त्यावर निजामसरकारचा महसूल. त्या नाक्यावर नरसिंगला शिपायाची नोकरी लागली. खाकी कोट, छातीवर पितळी बिल्ला. पहिल्या दिवशी राहीबाईंनी तो बिल्ला चिंचेने घासून असा लखलखीत केला की जमादार म्हणाला, तुझ्या आईला सांग, माझाही घासून दे.

वनमाला माहेरी यायची तेव्हा नरसिंग घाटावर मुद्दाम बांबू आडवा टाकायचा. "बाई, गाठोडं सोडा. झडती होईन." झडतीत लाडू सापडला की तो जप्त. तिला पोचवायला यायचा तो तिचा धाकटा दीर सुधाकर. तो यवतमाळला शिकत होता, चष्मा लावायचा, आणि त्याचं शिक्षण तिथेच काठावर ठेवून दोघं पोरं डोहात उड्या मारायची. वनमाला काठावरून ओरडायची, "भाऊजी, चष्मा! नरशा, बिल्ला!" मग दोघांच्या वस्तू पदरात बांधून ती एकटीच घरी यायची.

गेल्या श्रावणात इंग्रज गेला. पैलकाठ नव्या हिंदुस्थानात गेला आणि अलीकडे निजामसरकारने आमचा मुलूख वेगळा असं जाहीर केलं. एका रात्रीत नदी सीमा झाली. पारडीच्या माळावर तरुण पोरांचा कॅम्प बसला. मोगलाई मोडायची, नाके जाळायचे, असं ते उघड म्हणत. सुधाकर कॉलेज सोडून त्या कॅम्पात गेला. नरसिंग नाक्यावर होताच. त्याला वडील, वामनराव, म्हणाले, "सोड नौकरी." तो म्हणाला, "मंग खाकी कोट कोनाले देऊ? तुमाले बसत नाई." हसण्यावारी नेलं.

माघात एका पहाटे कॅम्पची पोरं नदी उतरली. नाका पेटला, गोळ्या चालल्या. धुकं होतं. कुणाची गोळी कुणाला लागली ते कुणी पाहिलं नाही. ऊन वर आलं तेव्हा नरसिंग नाक्याच्या दारात पडलेला होता आणि सुधाकर परत जाताना नदीच्या पात्रात, अर्धा पाण्यात. दोघांना एकमेकांनी मारलं की दुसऱ्यांनी, हे ना निंबखेडला कळलं ना पारडीला.

आणि तरीही सोयरीक मोडली नव्हती, हे ध्यानात घ्यायला हवं. नरसिंगच्या दहाव्याला चंपतराव नदी उतरून आले.  वामनरावांच्या शेजारी घोंगडीवर बसले, दोघांनी मिळून चिलीम ओढली आणि गेले. सुधाकरच्या तेराव्याला वामनराव पारडीला गेले आणि तसेच बसून आले. दोन्ही बायका आपापल्या घरी रडल्या. मरण दोघांच्या घरी आलं होतं, त्यामुळे कुणी कुणाला काय म्हणणार?

मोडलं ते पुढे, दगड उभे राहिल्यावर.

शिमग्याला कॅम्पच्या लोकांनी पारडीच्या वाटेवर, उंबराखाली, सुधाकरच्या नावाचा दगड उभा केला. शेंदूर लावला, वर तिरंगा बांधला. कुणी पुढारी आले, भाषण झालं. भाषणात वीर कोण ते सांगितलं, तसा गद्दार कोण तेही सांगितलं. निजामाचं मीठ खाऊन आपल्याच माणसांवर उठलेला तो नाक्यावरचा कुत्रा. कुसुमबाई, सुधाकरची आई, पुढच्या रांगेत बसल्या होत्या; शेजारी वनमाला, तोंडावर पदर.

ते इकडे तहसिलीत पोचायला वेळ लागला नाही. उत्तर म्हणून पाडव्याला जळलेल्या नाक्याच्या जागी चबुतरा बांधला गेला. दगडी, चुन्याने पांढरा केलेला, त्यावर उर्दू अक्षरांची पाटी. ती पाटी निंबखेडात कुणाला वाचता येत नव्हती. पटवाऱ्याने वाचून दाखवली: सरकारासाठी जान देणारा शहीद, लुटारूंच्या हातून मारला गेलेला. वामनराव आणि राहीबाईंना खुर्च्यांवर बसवलं, अंगावर शाल घातली. राहीबाई आयुष्यात पहिल्यांदाच खुर्चीवर बसल्या होत्या. पाय कुठे ठेवायचे ते त्यांना कळेना. त्यांना वाटलं, माझ्या नरसिंगचं नाव घेताहेत, पण सांगताहेत पलीकडच्यांना.

मग पारडीने ठरवलं, निंबखेडचं पाणी प्यायचं नाही. निंबखेडला ठाण्याचा हुकूम आला, पारडीला जाणारा तो कॅम्पचा माणूस समजला जाईल. त्या एका हंगामात दोन गावांमधली ठरलेली लग्नं फिसकटली. बैल मागायला गेलेला माणूस बैलावाचून परत आला. आणि वनमालाचा पाचवा महिना सरला तेव्हा पहिलं बाळंतपण माहेरी, हा जगाचा रिवाज असूनही पारडीहून निरोप आला नाही.

राहीबाईंनी कुरडया केल्या, शेवया केल्या, बाळंतपणाची जुनी धडुती धुऊन घडी घालून ठेवली. आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतातच. आखाजीला आली की बाळंत होईपर्यंत ठेवून घेऊ. कारण आखाजीनंतर मृग, मृगानंतर नदी भरणार, आणि भरलेल्या नदीतून पोटुशी बाई कोण आणणार? यायचं तर आखाजीलाच.

*

दोन्ही काठांना जायची मुभा एकाच माणसाला उरली होती, बयनाबाई भोईणीला. तिच्याशिवाय दोन्हीकडे मासळी मिळत नसे आणि मासळीवर भाषण झालेलं नव्हतं. चैत्रात एका सकाळी ती टोपली उतरवून राहीबाईंच्या ओट्यावर बसली.

"तुमच्या इहीणबाई कुसुमबाई म्हन्ते, लेक धाडा म्हनून निरोप कायले धाडता. सकाळी दार उघडलं का ते पांढरं डोळ्यात घुसते म्हन्ते. माह्या पोराले लुटारू म्हनून दगडावर लिवून ठेवलं आन् मी माही सून त्या घरी धाडू?"

"लिवलं मी का? मले माह्यं नाव लिवता येत नाई."

"मी बी तेच म्हटलं. तं म्हन्ते, लिवलं नसन, पन खुर्चीवर तं बसली."

ते वाक्य राहीबाईंना दिवसभर बोचत राहिलं. खरंच बसल्या होत्या. चबुतरा पाडावा तर तो सरकारचा. वामनरावांना बेड्या पडल्या असत्या. पण पांढरेपणा? पांढरेपणा तर बाईच्या हातातला आहे.

दुसऱ्या दिवशी त्या शेणाचं टोपलं घेऊन घाटावर गेल्या. पाटील येऊन गेल्याचं वर सांगितलंच.

चौथ्या दिवशी तहसिलीतून पेशकारसाहेब घोड्यावरून आले. मूळचे निर्मळचे, मराठी घरातले, सोन्याच्या काडीचा चष्मा. वामनराव हात जोडून उभे राहिले. 

"बाई, हा सरकारचा अपमान आहे. तुमच्या मुलाचा सन्मान केला आणि तुम्ही त्यावर शेण टाकता?"

"टाकत नाई साहेब, सारवते." राहीबाईंनी डोक्यावरचा पदर पुढे ओढला. "तुमच्या घरी नवा ओटा बांधला का सारवत नाई? चैताचं ऊन पाहा कसं पडून राह्यलं. उघडा चुना तडकून जाईन. मंग तुमीच म्हनसान, मायनं निगा ठेवली नाई."

पेशकारांनी चष्मा काढून पुसला. घरी त्यांचीही आई असणार, ती ओटा सारवत असणार. "आणि त्या गोवऱ्या?"

"शेन उरलं. उरलं ते फेकाचं का?"

सोबत आलेला गावचा कोतवाल खाली मान घालून हसला. पेशकारांना हसणं शोभणार नव्हतं. ते म्हणाले, "सारवा. पण गोवऱ्या नकोत. आणि पाटी मोकळी ठेवा."

"पाटी मोकळीच राहीन साहेब," राहीबाई म्हणाल्या, "तिच्यावर हात चालवाले मले ते अक्षर कुठं समजते."

घोडा गेल्यावर वामनराव मटकन खाली बसले. "तू एक दिवस माह्या जिवावर उठशीन." राहीबाईंनी गोवऱ्या सोडवून टोपल्यात भरल्या आणि चबुतरा वरपासून खालपर्यंत, चारी अंगांनी, हिरवट काळ्या शेणाने सारवून काढला. वाळल्यावर तो काठाच्या मातीत असा मिसळला की जवळ गेल्याशिवाय दिसेना. फक्त एवढीशी पाटी, दरडीत अडकलेल्या शिंपल्यासारखी.

आठवड्याने बयनाबाई आली.

"पाह्यलं इहीणबाईनं. पान्याले आल्या होत्या. मले इचारते, बयना, ते पांढरं कुठं गेलं? म्हटलं, बुजवलं. कोनं? म्हटलं, त्याच्या मायनं. मंग घागर तशीच ठेवली आन् धोंड्यावर बसून राह्यल्या."

"मंग? धाडते का?"

बयनाबाईने मासळीवरची पानं उगीच सारखी केली. "उत्तमरावाले धाडते. आखाजीले. नरसिंगच्या नावानं बसाले. आन् म्हन्ते, वामनरावांनी आमच्याकडं आलं पायजे. आमचा बी पितर कोनी बसवाचा?"

हे समजायला तिथला रिवाज ठाऊक हवा. त्या टापूतले कुणबी आखाजीला पितरांच्या नावाने मातीची घागर भरतात. ज्या घरात वर्षात माणूस गेलं असेल, तिथे त्याच्या नावाने एक जण पाटावर बसवून जेवू घालतात. तो भावकीतला चालत नाही. लेक दिलेल्या नाहीतर सून आणलेल्या सोयऱ्यांच्या घरचाच लागतो. आणि त्या दिवशी घरधन्याने त्याचे पाय धुतले की पाटावरून उठेपर्यंत तो मेलेला माणूसच. त्याला त्याच नावाने हाक मारायची, त्याच नात्याने बोलायचं. जेवला तर मेलेला तृप्त. नाही जेवला तर वर्षभर घराभोवती भुकेला फिरणार. त्यातून बिनलग्नाचा गेलेला, त्याची भूक मोठी. राहीबाईंना जावई एक, चंपतरावांना सून एक. दोन्ही घरांच्या मेलेल्यांच्या नावाने जेवायला बसणारं दुसरं घर नव्हतं.

"आन् वना?" राहीबाईंनी विचारलं.

"नाई म्हन्ते. कॅम्पातली पोरं म्हन्ते वीराच्या घरची सून गद्दाराच्या घरी बाळंत होनार नाई. इहीणबाई म्हन्ते, दगड माह्या पोराचा, पन आता बोलनं माह्यं चालत नाई. आन् तुमच्या ठान्यानं तिले परत येऊ देल्लं नाई तं?"

राहीबाई उठून आत गेल्या आणि ज्वारीच्या कणगीला टेकून उभ्या राहिल्या. एवढं सगळं केलं ते जावयाला जेवू घालायला का? पण नरसिंगही त्यांचाच होता.

वामनरावांनी मात्र ऐकताच मान हलवली. "मी नाई जात. त्या टोळीनं माह्यं पोरगं खाल्लं. आता त्यातल्याच एकाच्या नावानं मी घास खाऊ?"

"तुमी नाई गेले तं उत्तमराव येनार नाई. तो नाई आला तं नरसिंग उपाशी."

"नरसिंग मेला."

"मेला म्हनून तं म्हनते. जिता अस्ता तं त्यानं मांगून खाल्लं अस्तं."

 दुसऱ्या दिवशी वामनरावांनी आपलं पागोटं धुऊन वाळत घातलं.

*

आखाजीच्या सकाळी उत्तमराव नदी उतरून आला. पात्रात घोट्याएवढंच पाणी होतं. ठाण्याच्या शिपायाने त्याला घाटावर अडवलं, पण सण होता आणि बरोबर पाटील होते; संध्याकाळच्या आत परत जायच्या अटीवर सोडलं, आणि वामनरावांनाही तेवढ्याच वेळात जाऊन यायची मुभा दिली.

वामनरावांनी जावयाचे पाय धुतले. तिथून तो नरसिंग झाला. राहीबाईंनी वडे, कढी, पोळी, आंब्याचा रस वाढला. "नरसिंगा, वडा घे. तुले आवडते ना."

"घेतो माय," उत्तमराव खाली बघून म्हणाला. तो भला माणूस होता. घास थांबवला नाही.

राहीबाईंना नरसिंगशी बोलायचं होतं, पण डोळे पुन्हा पुन्हा त्याच्या बंडीवर जात होते. खांद्यावर ठिगळ होतं आणि त्याचे टाके आडवे, दाट, कडेला दुमडलेले. ते टाके त्यांनीच शिकवले होते. ज्या हातांनी घातले ते हात नदीपलीकडे होते, आणि हा जेवतोय तोवर त्याला वनमालाविषयी विचारता येत नव्हतं, कारण तो तिचा नवरा नव्हता, भाऊ होता.

तो पाटावरून उठला, हात धुतले, तेव्हा कुठे त्यांनी विचारलं, "कशी आहे ती?"

"बरी आहे."

"बरी म्हंजे कशी?"

उत्तमरावाने विचार केला. "बरीच आहे."

मग वामनरावांनी पागोटं बांधलं. राहीबाईही उठल्या, पायात वहाणा घातल्या.

"तू कुठं?"

"घाटापर्यंत."

"ज्या घरची घागर भरली त्या घरच्या बाईनं दिवस बुडोस्तोवर उंबरा ओलांडाचा नसते. तूच सांगत आली ना सगळ्या गावाले?"

राहीबाईंनी वहाणा काढल्या. सासरा-जावई पुढेमागे चालत गल्लीच्या वळणावर दिसेनासे झाले. राहीबाई उंबऱ्याच्या आत बसून राहिल्या. त्यांनी ताटं घासली, दोनदा. भरलेल्या घागरीवरचा खरबुजाचा काप सरळ केला. बाहेर कुणाच्या तरी लेकी माहेरी आलेल्या होत्या. लिंबाच्या झाडाला झोका बांधलेला होता आणि पोरी झोक्यावर गाणी म्हणत होत्या. एरवी त्या गाण्यांत वनमालाचा आवाज सगळ्यांच्या वर लागायचा, बेसूर.

*

वामनराव परतले तेव्हा ऊन कलंडलं होतं. त्यांनी चुळा भरल्या, ओसरीवर बसले आणि पागोटं मांडीवर घेतलं.

"अडवलं का कोनी?"

"अडवलं. त्या दगडापाशी. चार-पाच पोरं बसून होती. एक म्हन्ते, मोगलाईतला मानूस आला तं आधी वीराले वाकाचं, मंग गावात शिराचं. उत्तमराव भांडाले उठला. तेवढ्यात इवाई आले, चंपतराव."

"मंग?"

"पान्याचा लोटा आन् परात घेऊनच आले. तिथंच परात मांडली, दगडासमोर. माह्ये पाय घेतले आन् धुतले. मंग त्या पोरायले म्हन्ते, आता हा सुधाकर होय. तुमाले वीराले वाकाचं आहे ना? वाका याले."

राहीबाईंचा हात पदराशी थांबला. "वाकले?"

"एक जन वाकला. लहान होता, मिसरूडही नव्हतं फुटलं. बाकीचे दुसरीकडं पाहाले लागले." वामनरावांनी पागोट्याची दशी बोटाला गुंडाळली. "मले लाज वाटली. दगड तिथंच, शेंदूर ओला, आन् ते मले वाकून राह्यले. नरसिंगचा बाप मी. पन नाई म्हनाचं कसं? मी नव्हतोच ना तिथं."

"ते जाऊ द्या," राहीबाई म्हणाल्या. "वना दिसली?"

"दिसली."

"दुबळी झाली का?"

"कायले दुबळी होईन."

"पाय सुजले होते?"

"पाय कसे दिसतीन. लुगड्यात होते."

"हात तं दिसले असतीन. वाढलं कोनं?"

"तिनंच वाढलं. इहीणबाई म्हनाल्या, वहिनीनं वाढाचं त्याले, तो तिच्याच हातचं खाये." वामनराव थांबले. "हातात हिरव्या बांगड्या होत्या. घट्ट बसल्या होत्या मनगटाले."

म्हणजे हात सुजलेत. राहीबाईंनी मनात नोंद केली. मीठ कमी करायला कोण सांगणार तिला? सांगायला बयनाबाईला उद्याच गाठलं पाहिजे. नदी भरेपर्यंत बयना जाईल-येईल. नंतरचं कुणाला ठाऊक. लेकरू होईल तेव्हा मधे पाणी असेल, आणि जन्माची थाळी वाजली तरी या काठावर ऐकू येणार नाही.

"काई बोलली का तुमच्यासंगं?"

वामनराव पागोट्याच्या घड्या घालू लागले.

"अवो, मी इचारून राह्यली. इतक्या महिन्यांनी बाप दिसला तिले. काईच बोलली नाई?"

"बोलली."

"काय?"

"पोळी घेऊन आली, वाकली आन् म्हने, 'भाऊजी, अजून एक वाढू का?'"

 बाहेर झोक्यावरच्या पोरी दमून गप्प झाल्या होत्या.

"आन् तुमी काय म्हटलं?"

"काय म्हनाचं? सगळं घर समोर बसून होतं. इहीणबाई माह्या तोंडाकडं पाहून राह्यल्या होत्या, जसं काई त्यांचं पोरगं जेवून राह्यलं." वामनरावांनी पागोटं खाली ठेवलं. "म्हटलं, वाढ वहिनी."

"वाढली?"

"वाढली. खाल्ली मी. पोटात जागा नव्हती तरी खाल्ली."

दिवस बुडाला होता. आता राहीबाईंना उंबरा ओलांडायला हरकत नव्हती, पण त्या उठल्या नाहीत. खांबाला टेकून त्यांनी पुन्हा पहिल्यापासून विचारायला घेतलं. लुगडं कोणतं होतं, चालताना हात कमरेवर ठेवत होती का, चुलीपाशी ती एकटीच राबत होती की कुणी मदतीला होतं. वामनरावांना त्यातलं बरंचसं सांगता आलं नाही. त्यांनी आपल्या पानाकडेच पाहिलं होतं.

"तुमी वहिनी म्हटलं," राहीबाई म्हणाल्या, "तवा हासली का ती?"

वामनरावांनी आठवून पाहिलं.

"पदर होता तोंडावर," ते म्हणाले.